यात माझे जुने गेम्स चालतील ना, बॉस?

अंधेरीच्या कुठल्याही मॉलमधल्या गेमिंग काउंटरवर दहा मिनिटं नुसते उभे राहा. एक प्रश्न हमखास कानावर पडतो. फोर-के झालं, हार्डडिस्क किती टीबीची ते झालं, ईएमआयचा हिशेब मनातल्या मनात बसला, की तिशीच्या आसपासचं, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड लटकलेलं गिऱ्हाईक आवाज जरा खाली आणून विचारतं, 'यात जुने गेम्स चालतात ना?' आणि काउंटरपलीकडचा मुलगा डोळेही न मिचकावता सांगतो, 'हो सर, सगळं चालतं.'

सगळं चालत नाही, मंडळी! काय चालतं, काय नाही आणि का नाही, हाच आजचा विषय. कारण कन्सोल ही काही शंभर-दोनशेची खरेदी नाही. महिन्याचा पगार हातात येतो तेव्हा त्यातला बराचसा भाडं आणि हप्ते आधीच खाऊन बसलेले असतात. उरलेल्यातून चाळीस-पन्नास हजार काढायचे, तर उत्तर पक्कं हवं.

ड्रॉवरमधला खजिना

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्यामागे एक अख्खा ड्रॉवर असतो. बोरिवली असो की घाटकोपर, टीव्ही युनिटच्या खालचा तो ड्रॉवर घरोघरी सारखाच. गुंता झालेली लाल-पांढरी-पिवळी वायर, एक रिमोट ज्याचा टीव्ही केव्हाच गेला, आठ एमबीचं मेमरी कार्ड आणि डिस्कची जाडजूड पाऊच. कुणी हात लावत नाही, पण फेकतही नाही.

फेकायची वेळ आता येतेय, कारण उपनगरांत जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट. बिल्डर चावी मागतो, लोक तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात, आणि सामान आवरताना पहिला बळी जातो तो या ड्रॉवरचा. आमची मुलुंडची बिल्डिंग रिकामी झाली तेव्हा आईने सामानाचे तीन ढीग केले. न्यायचं, द्यायचं आणि भंगार. दादाचा पीएस२ थेट तिसऱ्या ढिगात! दादा आता टोरांटोत असतो. व्हिडीओ कॉलवर त्याने तो ढीग बघितला आणि कळवळून ओरडला, 'अगं आई, तो नको ना टाकूस!' आईचं लॉजिक सरळ होतं. 'अरे, नवीन मशीन घेशील ना कधीतरी, त्यात लावशील या डिस्का.'

आईचं चुकत नव्हतं. मिक्सर बदलला म्हणून घरातली चटणी बदलत नाही. जुनी कॅसेट नव्या टेपरेकॉर्डरमध्ये वाजायची. मग गेम्सनीच काय घोडं मारलंय? मी डिस्कची पाऊच सॅकमध्ये टाकली आणि दोन वीकेंड मित्रमंडळींच्या घरी फिरले. अंधेरीला पीएस५, बोरिवलीला एक्सबॉक्स सीरिज एक्स, घाटकोपरला एक म्हातारा पीएस३. पत्रकारितेच्या डिग्रीचा इतका सत्कारणी उपयोग मी आजवर केला नव्हता.

कार्ट्रिजचे दिवस

त्याआधी थोडा फ्लॅशबॅक. आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला कन्सोल मुळात नकली होता. लिटल मास्टर, मीडिया... नावं वेगळी, पण आत एकच खेळ: निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. सगळ्यांच्या पोटात तेच डिझाइन, त्यामुळे बी विंगमधल्या मुलाची कॉन्ट्राची कार्ट्रिज तुमच्या डब्यात बिनधास्त चालायची. फार तर एक फुंकर मारावी लागे. म्हणजे बघा, एकमेकांचे गेम्स चालवण्याच्या बाबतीत आपली सगळ्यात सुखाची वर्षं डुप्लिकेट मालात गेली!

एक गोष्ट मात्र आता त्या डब्यावरही चालत नाही. बदकं मारायची ती प्लास्टिकची बंदूक आठवते? ती जुन्या डबा टीव्हीच्या पडद्यावर प्रकाश कधी आणि कसा उमटतो, यावर अवलंबून असायची. आजच्या फ्लॅट टीव्हीचं टायमिंग वेगळं. त्यामुळे कन्सोल ठणठणीत, बंदूक ठणठणीत, पण बदक काही पडत नाही. यात पहिला धडा आहे. गेम म्हणजे नुसती डिस्क किंवा कार्ट्रिज नव्हे. मशीन, टीव्ही, रिमोट सगळं मिळून गेम होतो.

फंडा काय आहे?

जुना गेम नव्या मशीनवर चालवायचे ढोबळमानाने दोन रस्ते. पहिला, नव्या मशीनच्या पोटात जुन्या मशीनची चिप घालायची. दुसरा, सॉफ्टवेअरने जुन्या मशीनचं सोंग आणायचं. याला म्हणतात इम्युलेशन.

२००० मध्ये आलेल्या पीएस२ ने पहिला रस्ता धरला. त्यात पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर होताच. एरवी तो किरकोळ कामं सांभाळायचा आणि जुनी सीडी टाकली की मुख्य भूमिकेत यायचा. एकदम सही आयडिया! पहिल्या पीएस३ मध्येही सोनीने तेच केलं. २००६ मध्ये जपान आणि अमेरिकेत आलेल्या मॉडेल्समध्ये पीएस२ च्या चिप्स बसवल्या होत्या. पण चिप्सचे पैसे लागतात. २००७ मध्ये युरोपात आलेल्या मॉडेलमधून अर्धी यंत्रणा गेली, आणि त्याच वर्षाअखेरच्या ४० जीबीच्या मॉडेलमधून सगळीच. भारतात पीएस३ आला २७ एप्रिल २००७ ला, किंमत ३९,९९० रुपये. त्या काळी कित्येक फ्रेशर्सचा तीन-चार महिन्यांचा पगार! स्वस्त करता करता सोनीने जे कापलं, त्यात आपला ड्रॉवर कापला गेला.

पुढची गोची पीएस३ नेच करून ठेवली. त्याचा 'सेल' नावाचा प्रोसेसर इतका जगावेगळा होता की त्याचं सोंग आणणं महाकठीण. २०१३ चा पीएस४ साध्या पीसीसारख्या चिपवर आला आणि पीएस३ च्या डिस्कना दार बंद झालं. फायदा एवढाच, की पीएस५ सुद्धा त्याच घराण्यातला. त्यामुळे पीएस४ ते पीएस५ हा प्रवास स्लो लोकलमधून फास्ट लोकलमध्ये बसण्याइतका सोपा झाला.

अंधेरी: पीएस५

भारतात पीएस५ ची विक्री सुरू झाली २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. माझ्या कलीगने तेव्हा कुठकुठे नंबर लावून तो मिळवला होता, याची स्टोरी तो अजून ऐकवतो.

पीएस४ ची डिस्क टाकली, काम झालं. सोनीने लाँचच्या वेळी न चालणाऱ्या पीएस४ गेम्सची जी यादी दिली, त्यात चार हजारांहून अधिक गेम्समधले जेमतेम दहा होते. काही गेम्स तर आधीपेक्षा छान पळतात. २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' घ्या. फेब्रुवारी २०२१ च्या अपडेटनंतर तो पीएस५ वर सेकंदाला साठ फ्रेम्सने चालतो, म्हणजे जुन्या पीएस४ च्या दुप्पट. जुना रिमोटही चालतो, फक्त पीएस४ च्या गेम्ससाठी. पीएस४ चे गेम्स साध्या यूएसबी हार्डडिस्कवरूनही खेळता येतात, त्यामुळे आतली जागा वाचते.

मग मी पीएस३ ची डिस्क काढली. साफ नकार. पीएस२ ची डीव्हीडी, पुन्हा नकार. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडीचा तर प्रश्नच नाही, कारण पीएस४ आणि पीएस५ चे ड्राइव्ह सीडी वाचतच नाहीत. निवडक जुने गेम्स सोनीच्या ऑनलाइन दुकानात आहेत, पण ते पुन्हा विकत किंवा सबस्क्रिप्शनवर. आणि तिथेही आपल्याकडे एक मेख आहे. पीएस३ चे गेम्स सोनी बऱ्याच देशांत नेटवरून स्ट्रीम करते. भारतात २०२२ मध्ये पीएस प्लसचे नवे प्लॅन आले, तेव्हा सगळ्यात महागड्या डिलक्स प्लॅनमध्ये ते स्ट्रीमिंगच नव्हतं.

शिवाय डिजिटल एडिशन घेतलीत तर डिस्कला खाचच नाही. पाच-दहा हजार वाचवताना पीएस४ च्या डिस्कच्या चळतीकडे एकदा बघून घ्या.

बोरिवली: एक्सबॉक्स सीरिज एक्स

इथे मात्र मी चाट पडले. मावसभावाकडे एक्सबॉक्स ३६० चा जुना 'रेड डेड रिडेम्प्शन' होता, २०१० चा. डिस्क टाकली. मशीनने ती ओळखली, काही जीबी डाउनलोड केलं आणि गेम सुरू! तोही मूळ मशीनपेक्षा कितीतरी स्वच्छ.

गंमत अशी, की गेम त्या डिस्कवरून चालतच नाही. मायक्रोसॉफ्टने जुना गेम नव्या मशीनसाठी बांधून सर्व्हरवर ठेवलाय, डिस्क फक्त 'हा माणूस मालक आहे' एवढं सिद्ध करते. एसटीच्या पासासारखं. पास तुम्हाला कुठे नेत नाही, पण तो दाखवल्याशिवाय गाडीत घेत नाहीत. नोव्हेंबर २०१५ पासून त्यांनी असे ३६० चे सहाशेहून अधिक गेम्स आणले, २०१७ पासून पहिल्या एक्सबॉक्सचेही काही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सत्तरहून अधिक गेम्सची शेवटची खेप आली आणि कायदेशीर, परवान्यांच्या आणि तांत्रिक अडचणींमुळे आता यादी वाढणार नाही, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे तुमचा गेम यादीत असेल तर चैन, नसेल तर नाही. अंगाने नाचत खेळायचे ३६० चे किनेक्टवाले गेम्सही विसरा. ३६० चा रिमोटही नव्या मशीनला जोडता येत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये सीरिज एक्स ४९,९९० ला आणि सीरिज एस ३४,९९० ला भारतात आले. एस स्वस्त आणि गोंडस, पण त्याला डिस्क ड्राइव्ह नाही. पास दाखवायला खिडकीच नाही म्हणा ना!

एक कबूल करायला हवं. भारतात ३६० आला सप्टेंबर २००६ मध्ये, अक्षयकुमार आणि युवराज सिंगला घेऊन. म्हणजे तेव्हा मायक्रोसॉफ्टने जोर लावला होता. तरी आपल्या ओळखीपाळखीत जो-तो पीएस२ वाला. जुने गेम्स सगळ्यात नेटाने सांभाळणारं मशीन नेमकं तेच, ज्याचे जुने गेम्स आपल्याकडे सगळ्यात कमी! याला म्हणतात नशीब.

आणि निन्टेन्डो?

स्विच २ जून २०२५ मध्ये जगभर आला, पण तेव्हा भारतात अधिकृत लाँच झाला नाही. आपल्याकडे तो लॅमिंग्टन रोडच्या वाटेने किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून येतो. वॉरंटीचं आपलं आपण बघायचं. पण आधीच्या स्विचचे बहुतेक गेम्स त्यात चालतात, जुन्या कार्ट्रिजसकट. ज्यांच्याकडे २०१७ पासूनचा स्विच आहे, त्यांना नो टेन्शन.

मार्करने लिहिलेल्या डिस्क

आता जरा कटू सत्य. दादाच्या पाऊचमध्ये सात ओरिजिनल डिस्क निघाल्या. बाकी सगळ्या पांढऱ्या, वर मार्करने लिहिलेलं 'सॅन अँड्रियास', 'डब्ल्यूडब्ल्यूई', 'फिफा नवा'. पीएस२ घेतला की पहिली चक्कर 'चिप मारून' घ्यायला, हे तेव्हा उपनगरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. ओरिजिनल डिस्कच्या पैशात डझनभर कॉप्या यायच्या. त्या कॉप्या फक्त त्या चिप मारलेल्या मशीनवरच चालणार. जगातली कुठलीच कंपनी त्यांना पुढच्या पिढीत प्रवेश देणार नाही, आणि त्याबद्दल तक्रार करायला आपल्याला तोंडही नाही. म्हणून तुमची पाऊच अशा डिस्कने भरली असेल, तर नवीन कन्सोल घेताना जुन्या गेम्सचा विचारच सोडा. हजारो रुपयांचा निर्णय एका मार्करवर कशाला?

आपल्या मातीतले गेम्स

पण त्या सात ओरिजिनलमध्ये एक होती 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स'. २०१० चा हा गेम बनवला मुंबईच्याच ट्राइन कंपनीने. गल्ली क्रिकेटवरचा गेम, तोही आपल्या शहरात बनलेला! २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोनाने 'हनुमान: बॉय वॉरियर' पीएस२ वर आणला होता. त्याच सुमाराचा 'देसी अड्डा', ज्यात चक्क कबड्डी आणि विटी-दांडू. २०१३ च्या जानेवारीत सोनीने पीएस२ चं उत्पादन थांबवल्याचं सांगितलं, आणि त्याच वर्षी आपल्याकडे 'डॉन २' चा गेम पीएस२ वर येत होता. जगाने ज्याला निरोप दिला, त्याच्यावर आपण अजून नवे गेम्स काढत होतो!

ग्राफिक्स साधेच होते, खोटं कशाला बोला. पण आपल्याकडे कन्सोलसाठी गेम बनवायला सुरुवात झाली ती या मशीनवर. त्यांच्या डिस्क पीएस४ आणि पीएस५ वर चालत नाहीत. 'सॅन अँड्रियास'सारखा जगभर खपलेला गेम कुणीतरी पुन्हा रंगरंगोटी करून विकतो. विटी-दांडूसाठी तेवढी तसदी कोण घेणार? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी केली. २०१० च्या आधी तिथे निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के गेम्स आज बाजारात मिळतच नाहीत, असं त्यात निघालं. अमेरिकेत ही तऱ्हा, मग आपल्याकडचं काय सांगावं? ज्यांच्या ड्रॉवरमध्ये ती डिस्क आहे, तेच तिचं म्युझियम.

रिची बेनॉ अजून बोलतोय

या सगळ्यात एक अपवाद, आणि तो आपल्या लाडक्या खेळाचा. ईएचा 'क्रिकेट ०७'. २००६ च्या शेवटी पीएस२ आणि पीसीवर आला आणि त्यानंतर ईएने कन्सोल किंवा पीसीसाठी क्रिकेटचा गेमच काढला नाही. कुठल्याही नव्या कन्सोलवर तो नाही. तरीही तो जिवंत आहे, कारण पीसीवर हौशी पोरं वर्षानुवर्षं त्यात नव्या टीम्स, नव्या जर्सी, नवी स्टेडियम्स भरत आली. २०१५ मध्ये रिची बेनॉ गेले, पण कित्येक लॅपटॉपवर त्यांची कॉमेंट्री अजून चालू आहे. समोर बॅटिंगला असतात ते गेम आला तेव्हा शाळेतही न गेलेले खेळाडू.

पीसीचंही सगळं आलबेल नाही. जुन्या डिस्कवर कॉपी रोखण्यासाठी जे सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, त्याला २०१५ च्या विंडोज १० पासून थारा नाही. त्यामुळे ओरिजिनल डिस्क असूनही अनेक गेम्स सुरूच होत नाहीत. तरी पीसीवर कुणीतरी, कुठेतरी जुगाड शोधून काढतं. कन्सोलवर चावी कंपनीच्या हातात.

आणि गाण्यांचं लफडं वेगळंच. २०१४ मध्ये 'सॅन अँड्रियास'च्या अपडेटमधून रेडिओवरची काही गाणी गायब झाली, कारण त्यांचे परवाने संपले होते. आता विचार करा, डाउनलोड करून घेतलेल्या गेममधून पैसे भरून झाल्यावर गाणी काढून नेता येतात. ड्रॉवरमधल्या डिस्कवर मात्र सगळी गाणी जागच्या जागी.

मग घ्यायचं काय?

थोडक्यात सांगते.

तुमच्याकडे पीएस४ च्या डिस्क असतील तर पीएस५, पण डिस्क ड्राइव्हवालाच. ३६० चे ओरिजिनल गेम्स असतील तर सीरिज एक्स, मात्र आधी तुमचे गेम्स यादीत आहेत का ते बघा आणि घरचं नेट दणकट असू द्या. पहिल्या प्लेस्टेशनच्या ओरिजिनल सीडी असतील तर कुणाकडून तरी जुना पीएस३ मिळवा. त्याच्या सगळ्या मॉडेल्सवर त्या चालतात. घाटकोपरला 'टेक्केन ३' लावला आणि ट्रॅफिक, डेडलाइन सगळं विसरायला झालं. सुट्टीचा अख्खा दिवस गेला, परतीच्या मेट्रोत अंगठा दुखत होता.

आणि पीएस२ च्या डिस्क असतील तर उत्तर एकच, पीएस२. तो भंगारात देऊ नका. नवीन टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरचं तोंड नसेल तर छोटा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो. मुंबईच्या पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते, तेव्हा पाऊच हवाबंद डब्यात ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या. मशीन महिन्यातून एकदा सुरू करा. मेमरी कार्ड काढून ठेवलंत तर त्यावर नाव लिहा, नाहीतर पुढच्या शिफ्टिंगला ते कुणीतरी पेनड्राइव्ह समजून फेकेल.

काउंटरवरच्या मुलाला मात्र पुढच्या वेळी प्रश्न जरा बदलून विचारा. 'जुने गेम्स चालतात का?' असं नको. सॅकमधून एक डिस्क काढा, त्याच्या हातात द्या आणि म्हणा, 'ही लावून दाखव.'